‘रेत समाधि’ : बातमीतली कादंबरी आणि हातातली कादंबरी

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना सगळं वाचायचं नाही ते मोकळे. गीतांजली श्री यांची हिंदी कादंबरी ‘रेत समाधि’ जरूर घ्या, आणि हिंदी वाचता येत असेल तर हिंदीतूनच घ्या. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. पण तिच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळालं त्या वेळी पेपरात जे छापून आलं त्याच्या भरवशावर घेणार असाल तर जरा थांबा. त्या बातम्यांमधली कादंबरी या कादंबरीत फार उशिरा सुरू होते, आणि तिथवर टिकलेले वाचक मी थोडेच पाहिलेत.

‘पाहिलेत’ म्हणते, कारण माझं कामच ते. नागपुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी देवघेवीच्या टेबलावर बसते. पुस्तक कोण नेतं, किती लवकर आणून टाकतं, कुठल्या पानाचा कोपरा दुमडलेला राहतो, कुठे बसचं तिकीट अडकून येतं, हे सगळं हाताखालून जातं. पुस्तक चांगलं की वाईट ते समीक्षक सांगतील. लोकांनी ते नेमकं कुठे सोडलं, हे विचारायचं तर आमच्याकडे यावं लागेल.

वाचनालय मराठी, पण हिंदीचं एक कपाट पहिल्यापासून आहे. नागपूरला त्यात नवल नाही. १९५६ पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि मग जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं, हिंदी आणि मराठी दोन्ही भाषांचा तो प्रांत. आजही इथे घरी मराठी, भाजीवाल्याशी हिंदी आणि भांडताना दोन्ही, असा कारभार चालतो. त्या कपाटाचे वाचक ठरलेले. प्रेमचंद नेणारे, शिवानी नेणाऱ्या, स्पर्धा परीक्षेची पोरं. नवी हिंदी कादंबरी कोणी मागून नेली, असं सहसा होत नाही.

‘रेत समाधि’ २०१८ साली दिल्लीच्या राजकमल प्रकाशनानं काढली. पुढची चार वर्षं आमच्याकडे तिचं नावही कोणी काढलं नाही. २६ मे २०२२ च्या रात्री लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय बुकर जाहीर झालं, आणि त्यानंतरच्या पहिल्याच सकाळी शटर वर जाण्याआधी पायरीवर माणसं उभी. “ताई, ते बुकरवालं आलं का?” पुस्तकाचं नाव बहुतेकांना सांगता येत नव्हतं. कोणी ‘वाळूची कबर’ म्हणालं, कोणी ‘समाधीचं पुस्तक’. एका गृहस्थांनी तर पेपरचं कात्रणच टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, हे द्या.

ते कात्रण मी नीट वाचलं, मग बाकीचे पेपरही काढून बसले. मराठी, हिंदी, इंग्रजी, सगळ्यांत तेच. ऐंशी वर्षांची विधवा, नवरा गेल्यावर आलेलं नैराश्य, मग पुन्हा उभारी, तृतीयपंथी मैत्रीण, बंडखोर वाटणाऱ्या लेकीचा गोंधळ, पाकिस्तानचा प्रवास, फाळणीची जखम. क्रमसुद्धा हाच. याचं कारण काही गूढ नाही. इंग्रजी आवृत्तीच्या मलपृष्ठावर प्रकाशकानं जो मजकूर छापला आहे, त्यात हेच याच क्रमानं आहे. निकाल रात्री लागतो, अंक पहाटेच्या आत काढायचा असतो, पुस्तक तर टेबलावरच्या कोणी वाचलेलं नसतं. मग मलपृष्ठच बातमी होतं. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष फ्रँक विन यांनी निकालाच्या वेळी ही भारताची आणि फाळणीची कादंबरी असल्याचं सांगितलं. त्याच दमात तिच्यातल्या खेळकरपणाचं आणि उत्साहाचंही तोंडभरून कौतुक केलं. मथळ्यात फाळणी गेली. खेळकरपणा मथळ्यात बसत नाही.

यातलं काही खोटं नाही. पण लोक त्या मथळ्यासाठी पुस्तक न्यायला लागले, आणि तिथून पुढची गंमत मी बसल्या जागी पाहिली. पुस्तक मुदतीच्या आत परत यायचं. खुणा राहायच्या त्या पहिल्या भागात. “छान आहे, पण आमच्यासाठी नाही,” असं म्हणून माणसं त्याऐवजी एखादं आत्मचरित्र घेऊन जायची. कात्रणवाले गृहस्थ जास्त स्पष्ट होते. म्हणाले, “मॅडम, म्हातारी अजून उठलीच नाही.”

खरं आहे, उठत नाही. कादंबरीचे तीन भाग आहेत : पीठ, धूप, हद-सरहद. पहिल्या भागात आई सगळ्यांकडे पाठ फिरवून, भिंतीकडे तोंड करून पडलेली आहे. मुलं, सून, नातवंडं, येणारेजाणारे तिला उठवायला बघतात. ती जास्तच भिंतीत शिरते. एवढंच कथानक, आणि त्यावर पानंच्या पानं. लेखिका त्या पाठीभोवती हिंडते. घराच्या दाराकडे वळते, कारण मोठ्या मुलाच्या, म्हणजे ‘बड़े’च्या, सरकारी बंगल्याचं दार कायम उघडं आणि त्यातून कोणीही आत येऊ शकतं. मग भिंतीकडे वळते. मग सुनेच्या पायातल्या रिबॉकच्या बुटांकडे. प्रकरणं कधी दहा पानांची, कधी एका परिच्छेदाची, तर कधी एका ओळीतच आटोपलेलं. मध्येच सिद नावाच्या नातवाचा एक मित्र ‘मी’ म्हणून येतो आणि या गोष्टीत आपलं काहीच काम नाही, हे स्वतःच सांगतो. पुढे तर कावळे येतात, त्यांची सभा भरते. ज्याला ‘पुढे काय झालं’ एवढंच हवं असतं, त्याचा जीव इथे खरोखर मेटाकुटीला येतो.

मला हाच भाग सगळ्यात आवडला. एकत्र कुटुंबात ज्या बाईनं तीस-चाळीस वर्षं काढलीत, तिला घरातलं एखादं माणूस पाठ फिरवून पडलं की काय होतं हे सांगावं लागत नाही. आधी काळजी, मग औषधं, मग शेजारच्यांचे सल्ले, मग हळूच राग. सून मनात म्हणते, मी एवढं करते आणि हिला त्याचं काही नाही. मुलगा हुकूम सोडतो. लेक येऊन आईच्या पाठीवर हात फिरवते आणि भावजयीला वाटतं, ही आली पाहुणी, प्रेम दाखवून जाणार. या तिघांपैकी कोणाचंही चुकत नाही, आणि लेखिका कोणालाही चुकीचं ठरवत नाही. सुनेची थट्टा करताना तिच्या बाजूनंही दोन वाक्यं टाकून जाते. ती वाचताना मला हसू आलं आणि लागलंही. हे जमवायला भाषेवर हुकमत लागते. कथानक थांबलेलं असताना वाक्यं मात्र थांबत नाहीत. घरात एकाच वेळी चारजण बोलत असावेत तशी ती एकमेकांत शिरतात, कुठे स्वल्पविराम नाही, कुठे अवतरणचिन्ह नाही, आणि कोण बोलतंय ते तरीही कळतं.

एक सल्ला देते. हा भाग मनात वाचू नका, मोठ्यानं वाचा. आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा दुपारी बायकांचं वाचन असतं, तिथे मी सुरुवातीची पानं वाचून दाखवली. ज्या बायका पुस्तक घरी नेऊन परत आणून टाकत होत्या, त्याच खुर्चीवरून पुढे सरकून ऐकत होत्या. बड़ेच्या वाक्यांना तर अशा हसल्या, की मला दोनदा थांबावं लागलं. त्यातल्या एक निवृत्त परिचारिका शेवटी म्हणाल्या, “हे पेपरवाले फाळणी फाळणी करत होते, हे तर आमच्याच घरचं आहे की.” ‘रेत समाधि’वर जे जे वाचलं त्यात याहून नेमकं मला काही सापडलेलं नाही.

दुसऱ्या भागाबद्दल बातम्यांनी एकच गोष्ट सांगितली, रोज़ी. आईची जुनी ओळख असलेली ही तृतीयपंथी बाई लेकीच्या फ्लॅटवर येऊ लागते, आणि दोघींची मैत्री सगळ्यांच्या डोळ्यांवर येते. तिचं चित्रण सुंदर आहे, दयेचा सूर कुठेही लागत नाही. पण या भागाचा गाभा वेगळाच आहे. आई एकदाची उठते, घरातून नाहीशी होते, सापडते, आणि मग मुलाकडे न जाता लेकीकडे राहायला जाते. ही लेक म्हणजे घर सोडून स्वतंत्र झालेली, लिहिणारी, के.के. नावाच्या मित्रासोबत मनासारखं जगणारी. तिच्या तरुणपणी याच आईनं तिच्यासाठी घरची खिडकी उघडी ठेवलेली होती. आता तीच लेक आईच्या पथ्यपाण्यात अडकते, रात्री तिच्या हालचालीनं जागी होते, मित्राचं येणं तिला अडचणीचं वाटू लागतं. आई दिवसेंदिवस तरुण होत जाते आणि लेकीचं वय वाढत जातं. आईला सैल झगे शिवून हवेत, गच्ची हवी, ऊन हवं. लेकीला झोप हवी.

आमच्या सभासदांत साठीच्या आसपासच्या बऱ्याच बायका आहेत, ज्यांच्या घरी नव्वदीची आई किंवा सासू आहे. ज्यांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं त्या बहुतेक याच. आणि त्यांना काय आवडलं असं विचारलं, तर सगळ्या याच भागावर बोलतात. स्वतंत्र झालेली मुलगी सेवेत अडकल्यावर तिच्या स्वातंत्र्याचं काय होतं, हा प्रश्न ही कादंबरी इतक्या प्रेमानं आणि इतक्या निर्दयपणे विचारते, की एका बाईंनी मला सांगितलं, मी ते प्रकरण वाचून दोन दिवस पुस्तक कपाटात ठेवून दिलं होतं. मथळ्यांत मात्र ही लेक कुठेच नाही. तिचा ‘गोंधळ उडतो’ एवढाच तिचा उल्लेख.

मग तिसरा भाग, पेपरवाल्यांचा. आई पाकिस्तानात का जाते ते मी सांगत नाही, बातम्यांनी अर्धं सांगून टाकलंच आहे. वाघा सीमेवरचा प्रसंग मात्र सांगायलाच हवा. तिथे रोजचा तो पाय आपटण्याचा सोहळा चालू आहे, आणि प्रेक्षकांत फाळणीवर लिहिणारे लेखक येऊन बसलेत : मंटो, भीष्म साहनी, इंतजार हुसैन, कृष्णा सोबती आणि आणखी बरेच. मंटोच्या गोष्टीतला बिशनसिंगसुद्धा हजर. हिंदी-उर्दूत ज्यांनी हे आधी लिहून ठेवलं, त्या सगळ्यांना सोबत घेतल्याशिवाय लेखिका सीमा ओलांडत नाही. कादंबरी अर्पणही कृष्णा सोबतींना केलेली आहे. पूर्वसुरींना इतकं मोकळं, इतकं खोडकर वंदन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. हे प्रकरण कळायला ती नावं ओळखीची असावी लागतात, ही अडचण आहे. आम्ही त्या महिन्यात मंटोच्या कथांचं पुस्तक आणि भीष्म साहनींची फाळणीवरची कादंबरी ‘तमस’ शेजारी मांडून ठेवलं, आणि दोन्ही गेली. बातम्यांच्या गदारोळातून वाचनालयाला झालेला खरा फायदा विचाराल तर हा.

वाघा ओलांडल्यावर मात्र मला पुस्तक थोडं सैल वाटलं. खैबरच्या बाजूला आई आणि लेक अडकून पडतात, तिथे आईचे संवाद अचानक सुभाषितांसारखे व्हायला लागतात. सरहद म्हणजे काय यावर ती जे लांब बोलते, ते टाळ्या घेणारं आहे, आणि म्हणूनच मला खटकलं. पहिल्या भागात जी बाई पाठ फिरवून इतकं सांगत होती, तिला शेवटी भाषण का द्यावं लागलं? बुकरनंतर समाजमाध्यमांवर उताऱ्यांच्या ज्या चित्रचौकटी फिरत होत्या, त्यात नेमकं हेच भाषण होतं. शेवट मात्र पुन्हा ताकदीचा आहे. आई पडण्याचा सराव करते, एवढंच सांगते. तो का, हे वाचताना कळतं तेव्हा पहिल्या भागातली ती पाठ डोळ्यांपुढे येते.

एक तारा कापला तो या सैलपणासाठी, आणि शब्दांच्या खेळासाठी. लेखिकेला शब्दांशी खेळायला फार आवडतं. दहापैकी सात वेळा मजा येते. उरलेल्या तीन वेळा असं वाटतं, की संपादकानं पेन हातात घ्यायला हवं होतं. याद्या लांबतात. एक साडी आली की साड्यांची नावंच नावं. हौशी वाचकाला आवडेल, घाईतल्याला छळ वाटेल. आमच्याकडच्या प्रतीत अशाच एका यादीच्या शेजारी कोणीतरी पेन्सिलनं ‘बस!’ असं लिहून ठेवलं आहे. वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये, हे मी सगळ्यांना सांगते. तो शब्द मात्र मी खोडलेला नाही.

आता इंग्रजी आवृत्तीबद्दल, कारण पुरस्कार तिलाच होता. आंतरराष्ट्रीय बुकर मिळतं ते इंग्रजीत अनुवाद होऊन ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये निघालेल्या पुस्तकाला, मूळ पुस्तकाला नाही. पन्नास हजार पाउंडांची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात अर्धी-अर्धी वाटली जाते. म्हणजे डेझी रॉकवेल या अमेरिकन अनुवादकाराचा वाटा लेखिकेइतकाच. आमच्या मराठी पेपरांत त्यांना मिळाली एक ओळ, तीही बातमीच्या शेपटीला. याच बाईंनी ‘तमस’ इंग्रजीत नेलं आहे, हिंदी लेखक उपेंद्रनाथ अश्क नेले आहेत, कृष्णा सोबती नेल्या आहेत. म्हणजे वाघ्यावर जे लेखक जमतात त्यातल्या काहींशी त्यांचा आधीपासून घरोबा. ‘टूम ऑफ सँड’ ही इंग्रजी आवृत्ती २०२१ साली टिल्टेड अ‍ॅक्सिस या छोट्या ब्रिटिश प्रकाशनानं काढली. ते प्रकाशन सुरू केलं डेबोरा स्मिथ यांनी. २०१६ साली हे पारितोषिक पहिल्यांदा एकेका पुस्तकाला द्यायला लागले, तेव्हा हान कांग यांच्या कोरियन कादंबरीच्या अनुवादासाठी ते मिळालं होतं याच स्मिथबाईंना. या सगळ्यामागे अनुवादकांचं एक जग उभं आहे, आणि २०२२ चे परीक्षक-अध्यक्ष विन हेही मुळात अनुवादकच. पण आपल्याकडे बातमी ‘हिंदीचा झेंडा लंडनवर’ अशीच आली.

इंग्रजी प्रत सातशेच्या आसपास पानांची आहे, हिंदी त्याच्या निम्म्याच्या थोडी वर, आणि किमतीनंही हिंदी बरीच कमी. मी इंग्रजी वाचली ती अधूनमधून, दोन्ही शेजारी ठेवून. काम थोर आहे, बरेच हिंदी शब्द तसेच ठेवलेत, वाचकाला चमच्यानं भरवलेलं नाही. तरीही देवनागरी वाचणाऱ्या मराठी माणसानं वाट वाकडी करून इंग्रजीकडे जायचं कारण मला दिसत नाही. आमच्या कॉलेजातल्या पोरांनी मात्र इंग्रजीच मागितलं. हातात धरलेलं दिसतं ना.

माध्यमांचा दुसरा लोंढा जुलैत आला. आग्र्याला लेखिकेचा सत्कार ठरला होता. कादंबरीत शंकर-पार्वतीबद्दल आक्षेपार्ह मजकूर आहे, अशी तक्रार हाथरसच्या बाजूनं झाली आणि तो कार्यक्रम रद्द झाला. दोन महिन्यांपूर्वी जिचा अभिमान वाटत होता तिच्याबद्दल आता दबक्या आवाजात चौकशी. एकजण आमच्याकडे आला, सभासद नव्हता, म्हणाला, “ते पान कोणतं ते तेवढं दाखवा.” मी म्हटलं, पुस्तक घेऊन बसा, सापडेल. बसला बिचारा. पंख्याखाली अर्धा तास पहिली पानं चाळली, कावळ्यांपर्यंतही पोचला नाही, आणि पुस्तक ठेवून पाणी पिऊन गेला. कौतुक करणारे आणि तक्रार करणारे यांच्यात एक साम्य मला त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात दिसलं : दोघांनाही पूर्ण पुस्तकाची गरज पडली नव्हती.

वर्षअखेरीस याच इंग्रजी अनुवादाला ब्रिटनमधल्या वॉरिक विद्यापीठाचं स्त्री-लेखिकांच्या अनुवादासाठीचं पारितोषिकही एका स्वीडिश पुस्तकासोबत विभागून मिळालं. त्याची बातमी आमच्याकडच्या एकाही वाचकाच्या तोंडून मी ऐकली नाही. तोवर प्रत आरामात कपाटात मिळत होती.

‘मराठीला कधी?’ हा प्रश्न त्या काळात दर दुसऱ्या लेखात होता. २०२५ साली बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना, दीपा भास्ती यांच्या अनुवादासह, तेच पारितोषिक मिळालं तेव्हा तो पुन्हा आला, जास्त चिडून. माझं उत्तर टेबलाच्या अलीकडचं आहे, थोडं कडू लागेल. आपल्याकडे मराठीतून इंग्रजीत नेणारे चांगले अनुवादक आहेत, पण त्यांची नावं आपल्याच वाचकांना माहीत नाहीत. कारण अनुवाद म्हटला की आपल्या डोक्यात येतो तो इंग्रजीतून मराठीत, जाड, परदेशी, वर चकचकीत. उलट दिशेनं जाणाऱ्या पुस्तकाची मागणी माझ्या नोंदवहीत नाही. वाचनालयानं असं पुस्तक घेतलं तर खरेदी समितीत पहिला प्रश्न येतो, मूळ मराठी असताना हे कशाला? प्रश्न बिनतोड आहे, पण लंडनचे परीक्षक नागपूरच्या कपाटातून मूळ मराठी काढून वाचणार नाहीत.

असो. पुस्तकाकडे येते. कोणी घ्यावं? ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांनी, विशेषतः लेकींनी आणि सुनांनी, शक्य असल्यास एकीनं दुसरीला वाचून दाखवावं. ज्यांना हिंदी बोलता येते पण वाचायची सवय गेली आहे त्यांनी पहिली वीस-पंचवीस पानं नेटानं काढावीत. वाक्यांची चाल एकदा कानात बसली की वेग येतो. प्रवासात वाचायला घेऊ नका, तुटक वाचलं तर काहीच हाती लागत नाही. फाळणीचा इतिहास हवा असेल तर दुसरी पुस्तकं आहेत, मागाल तर काढून देईन.

आणि अगदीच धीर होत नसेल तर आधी याच लेखिकेची ‘माई’ न्या. १९९३ सालची, आकारानं लहान, सरळ सांगितलेली. पडद्यात राहून सगळ्या घराचं करणारी आई आणि तिला त्यातून सोडवायला निघालेली तिची दोन मुलं, सुनैना आणि सुबोध. आईला सोडवायचं म्हणजे नक्की कशातून, हे त्या मुलांना कळत नाही तसं आपल्यालाही कळेनासं होतं. ‘रेत समाधि’तली लेक मला तरी या सुनैनाचीच पुढची वाट वाटते. ‘माई’चा इंग्रजी अनुवाद २००० च्या सुमारासच झाला होता, तेव्हा पायरीवर कोणी उभं नव्हतं. आमच्याकडे दोन्ही शेजारीशेजारी आहेत, हिंदीचं कपाट, वरून दुसरा खण. ‘माई’साठी नाव लावून थांबावं लागत नाही.